चार बोटं आखूड पडदा

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी हॉलमधला पडदा सारत होते. हुडकेश्वरहून तिच्या शेजारीणबाई बोलत होत्या, "सकाळी चहा घेतला अन् बसल्या बसल्याच..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. हातातला पडदा जमिनीला टेकत नाही, हे मात्र तेव्हाही डोळ्यांना दिसलं. दीड महिना झाला, तरी त्याचं मला नवल वाटतं.

आत्या मोहाडीच्या विणकराच्या घरची. म्हणजे मीही तिथलीच. पण बाबा नोकरीसाठी नागपुरात आले आणि आमच्या घरातून माग हा शब्दसुद्धा गेला. आत्याच्या बोटांत तो राहिला. कुणाकडेही गेली की पाण्याचा ग्लास यायच्या आत ती सोफ्यावरचं कापड उलटं करून बघायची. एकदा जरीपटका भागातल्या एका दुकानात तिनं हातमागाची म्हणून टांगलेली चादर उलटवली आणि दुकानदाराला विचारलं, "भाऊ, याले हात कोनाचा लागला? मशीनचा?" मी लाजून बाहेर जाऊन उभी राहिले.

प्रताप नगरात फ्लॅट घेतला तेव्हा मला घर सजवायची भारी हौस. हातमागाचे पडदे हवेत, असं मी सहज बोलून गेले. पुढच्याच आठवड्यात आत्यानं कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, एक साडी आणून दिली. काठाला करवतीच्या दातांसारखी लाल नक्षी. माग बंद करण्याआधी आजोबांनी विणलेली ही शेवटची साडी. "पेटीत ठेवून काय करू? उजेडात राहू दे," म्हणाली. साडीच्या एका टोकाला वीतभर मोकळं सूत लोंबत होतं. पडदा शिवताना मी शिंप्याला ते कापायला सांगितलं आणि कड दुमडून नीट शिवून घेतली.

आत्या बघायला आली, तर आधी तिनं खालची शिवण चाचपली.

"दशा काहून कापल्या वं?"

"लोंबत होत्या आत्या. बरं नव्हतं दिसत."

ती खालीच बसली. मग तिनं सांगितलं ते असं. विणकर कापड उतरवतो तेव्हा ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं मागावरच राहू देतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना राख लावलेल्या बोटांनी पिळून जोडतो. माग कधी रिकामा होऊ द्यायचा नाही. शेवटच्या वेळी मात्र आजोबांनी ती टोकं साडीलाच ठेवली. "आमचे बाबा म्हनले, कोनी जोडलं तं पुढं चालंन. नाही जोडलं तरी कापू नोको." मला रडूच आलं. "असू दे," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर दर रविवारी ती यायची आणि त्या पडद्यापाशी बसायची. काय करतेस विचारलं, की "धूळ झाडून राहिले" म्हणायची. पडदा मात्र आखूड होत चालला होता. मी धोब्यावर चिडले, त्यानं कापड आटवलं म्हणून बिचाऱ्याला नाही नाही ते बोलले. शेवटच्या रविवारी चहा घेऊन गेले तर आत्याच्या मांडीवर पडद्याची उसवलेली कड होती. सुईच्या टोकानं ती आडवा धागा काढत होती, एक काढून झाला की दुसरा. खाली उभं सूत मोकळं होत होतं. झालेल्या दशा ती आत दुमडून कच्चा टाका घालायची, म्हणून मला कधी दिसल्या नव्हत्या. चार बोटं झाल्या होत्या.

"वीतभर होत्या, तेवढ्या काढून राहिले," ती म्हणाली. "बस इथं. तुले जोडाचं शिकवते."

"पुढच्या रविवारी, आत्या. आज पाहुणे आहेत..."

ते वाक्य मला अजून टोचतं.

परवा मी कच्चा टाका उसवला. देवघरातल्या उदबत्तीची राख बोटांना लावली, शिवणाच्या डब्यातला लाल धागा घेतला आणि दशांतल्या एका सुताशी पिळला. सुटला. पुन्हा पिळला, पुन्हा सुटला. कितव्या वेळी कोण जाणे, बोटांखाली काहीतरी घट्ट बसल्यासारखं वाटलं. मी ओढून पाहिला. निघाला नाही.