ओ निगेटिव्हची क्वेरी

परवा रक्तदान शिबिरात स्पिरिटचा वास नाकात शिरला आणि मी थेट नव्वदच्या दशकातल्या, दादरा-नगर हवेलीच्या सिल्वासात पोचले.

नवऱ्याची तिथे सरकारी नोकरी होती. मी दवाखान्यासमोरच्या कॉम्प्युटर क्लासला जायचे. डेटाबेसच्या सरावासाठी मी त्याच दवाखान्याच्या एका शिबिरातल्या रक्तदात्यांची माहिती घेतली होती. एका टेबलात नावं आणि रक्तगट, दुसऱ्यात गावं आणि पत्ते. भरायला छानसा फॉर्मही केला होता. क्लासमधले हसायचे, "वहिनी, हे कशाला?"

एका दुपारी समोरचे गुजराती डॉक्टर धावत आले. "बेन, बाळंतीण गंभीर आहे. ओ निगेटिव्ह कुणी सापडेल?"

मी दोन्ही टेबलं जोडून रक्तगट शोधणारी क्वेरी चालवली. पडद्यावर एकच नाव आलं. जवळच्या नरोली गावात खोली करून राहणारा, धुळ्याकडचा कामगार. डॉक्टरांनी स्कूटर पाठवली. रात्रपाळी करून झोपलेला तो माणूस डोळे चोळत आला आणि दवाखान्याच्या दारात मला म्हणाला, "ताई, मन्हं रगत चाली ना?"

चाललं. आई वाचली, मुलगीही.

तेव्हा मला माझ्या क्वेरीचंच कौतुक वाटलं होतं. आता आठवतो तो अर्धवट झोपेतला चेहरा. कोण, कुठली बाई, हे त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं.

पुढच्या रविवारी तो खोलीतल्या सगळ्या सोबत्यांना घेऊन क्लासच्या दारात उभा राहिला. "ताई, यास्ना नावं बी टाका."

मी फॉर्म उघडला आणि पहिल्याला विचारलं, "नाव काय, भाऊ?"