बटणांच्या डब्यातलं कार्ड

"हिची सिकलसेलची तपासणी कधी झाली होती का?" चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी विचारलं, आणि मी म्हणाले, "नाही."

खोटं बोलले. तपासणी झाली होती, कार्डही मिळालं होतं. ते कार्ड गडचांदूरला माझ्या घरी, शिलाई मशीनच्या खणात, बटणांच्या डब्यात पडलं होतं. मीच तिथे ठेवलं होतं.

मॅडमनी सोमीच्या लघवीची बाटली खिडकीच्या उजेडात धरली. रंग कोऱ्या चहाचा. "हे रॅब्डोमायोलिसिस आहे," त्या म्हणाल्या आणि माझा चेहरा बघून सोपं करून सांगितलं. अंगातले स्नायू तुटायला लागतात. त्यांचा चोथा रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. मग मूत्रपिंड बंद पडू शकतं. "सोळा वर्षांच्या पोरीचे स्नायू असे उगाच तुटत नाहीत, ताई. कारण शोधावं लागेल."

कारण मला ठाऊक नव्हतं, पण डबा आठवला होता.

सोमी माझी कोणी नाही. ती एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावची, माडिया आदिवासी घरातली. गडचांदूरला एक सर चाकांच्या बुटांवरची हॉकी शिकवतात. त्यातली चांगली पोरं हिवाळ्यात वर पहाडात नेतात आणि बर्फावर खेळवतात. आमच्या इथल्या उन्हात बर्फाची हॉकी म्हटल्यावर लोक हसायचे, मीही हसले होते. पण सरांनी आश्रमशाळेतून चार पोरी निवडून आणल्या आणि राहायला वसतिगृह नाही म्हणून कॉलनीतल्या चार घरांत एकेक ठेवली. माझी लेक लग्न होऊन गेली होती, खोली रिकामी होती. मी हो म्हटलं.

दोन वर्षं झाली. पहिले सहा महिने पोरगी "हो काकू, नाई काकू" याच्या पुढे गेली नाही. नंतर माझ्या वरणाला नावं ठेवण्याइतकी मोठी झाली. तिचे फाटलेले हातमोजे, गुडघ्याच्या गाद्या मीच मशीनवर शिवायची. ती मैदानात उतरली की मी कठड्याला धरून उभी राहायची. सांगायला लाज नाही, स्वतःच्या लेकीसाठी मी कधी अशी उभी राहिले नव्हते.

आता कार्डाचं सांगते. शाळेत रक्त तपासलं तेव्हा सोमी वाहक निघाली. म्हणजे सिकलसेलचा, रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आजाराचा, अर्धा गुण अंगात आहे, पण आजार नाही. ती दिवाळीत गावी जाऊन आली तेव्हा तिच्या आईने ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्यासाठी पाठवलं. आमच्या भागात वाहकाचं कार्ड कधी काढतात? सोयरीक जुळवताना. माझ्या भाचीची सोयरीक त्यावरून मोडली होती. त्यामुळे मी तो लग्नाचा कागद समजले आणि मनात म्हटलं, वेळ येईल तेव्हा काढू. दुसरंही एक होतं, ते लपवून उपयोग नाही. आदल्या वर्षी सरांनी एका पोरीला "हिच्या अंगात रक्त नाही" म्हणून घरी धाडलं होतं. माझ्या सोमीचं तसं व्हायला नको होतं. पहाडातल्या शिबिराचा अर्ज मीच भरला. 'काही आजार आहे का' या रकान्यात मोठ्या सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलं.

मे महिन्यात निवड होती. सरांनी सकाळ-संध्याकाळ सराव लावला. चारच्या उन्हात छातीला गादी, पायाला गादी, डोक्यावर शिरस्त्राण घालून पोरी फरशीवर धावायच्या. त्या दिवशी सोमीच्या मांड्यांत गोळे आले. ती खाली बसली. सर म्हणाले, नाटकं नको, उठ. ती उठली, दोन फेऱ्या मारल्या आणि आडवी झाली. शुद्धीवर होती, बोलत होती, फक्त पाय उचलत नव्हते.

सगळ्यांनी ऊन लागलं म्हटलं. मी तळपायांना कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं. गावातल्या डॉक्टरने एक सलाईन लावून घरी पाठवलं. पाय दुखतात म्हणाली म्हणून मी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून दिली, वर दुसरीही दिली. पुढे मॅडमनी सांगितलं की अशा वेळी ती गोळी मूत्रपिंडाला आणखी मारते. तुमच्या घरात हे झालं तर गोळीच्या वाटेला जाऊ नका. लघवीचा रंग बघा. सोमीने दुसऱ्या सकाळी तो बघितला होता, पण मला दुपारपर्यंत सांगितलंच नाही.

"काऊन नाई सांगतलं?" चंद्रपूरला नेताना मी गाडीत ओरडले.

"तुमी सरले सांगसान म्हणून," ती म्हणाली.

पोरगी माझ्याकडून लपवायलाच शिकली होती. मला तेव्हा ते समजलं नाही, मी रागावतच राहिले.

तर डॉक्टर मॅडमपुढे खोटं बोलून मी बाहेर बाकावर येऊन बसले. तासभर बसले असेन. मग उठले, आत गेले आणि सांगितलं. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त पेन उघडलं आणि म्हणाल्या, "हे आधी कळलं असतं तर मी एक तास वाया घालवला नसता." मी नवऱ्याला फोन करून कार्ड मागवलं. "बटनाच्या डब्यात? तिथी काऊन ठेवलं?" तो विचारत राहिला. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन वाढलं. मूत्रपिंड रक्त किती साफ करतं ते या आकड्यावरून कळतं. आकडा वाढला म्हणजे काम कमी झालं. लघवी अगदीच थोडी होत होती. मॅडम म्हणाल्या, डायलिसिस करावं लागेल, म्हणजे काही वेळ यंत्राने रक्त धुवायचं. त्यासाठी सही हवी.

"नातं?" कागदपत्रांच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"माझ्याकडे राहते."

"नातं विचारलं, बाई."

"दोन वर्षं जेवू घातलं तिले. ते कोणत्या रकान्यात लिहू?"

तो म्हणाला, आईबापाला आणा. तेंदूपत्त्याचा हंगाम होता, तिचे आईबाप पहाटेपासून जंगलात विडीची पानं तोडायला जात. गावात फोन लागत नाही. आश्रमशाळेच्या गुरुजींना निरोप दिला, त्यांनी मोटरसायकलवर जाऊन तिच्या आईला जंगलात गाठलं. मग बस. सूरजागडच्या खाणीचे ट्रक रस्त्यावर एकामागे एक उभे, बस त्यांच्या मागे. सकाळी निघालेली बाई दुपार उलटून गेली तरी पोचली नव्हती. मी मॅडमकडे चार वेळा गेले. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "पोटॅशियम अजून वाढलं तर मी कोणाची वाट बघणार नाही. दोन डॉक्टर सही करू आणि सुरू करू. तुम्ही बसा." पोटॅशियम वाढलं की हृदय थांबू शकतं, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला नर्सने सांगितलं.

सोमीची आई आली. बारीक अंगाची, हाताला पानांचा चीक, अंगावर अजून जंगलातलंच लुगडं. तिने अंगठा उठवला, आत जाऊन लेकीच्या कपाळावर हात ठेवला, बाहेर येऊन माझ्याजवळ खाली फरशीवर बसली. मी तिला वर बाकावर ओढलं. तिला मराठी थोडंच येतं, मला तिची माडिया बोली येत नाही. मी म्हटलं, "बाई, माझं चुकलं. कार्ड मी सरांना दाखवलं नाही."

ती हातावरचा चीक खरवडत राहिली.

"मले वाचता येत नाई," ती म्हणाली. "नर्सबाईनं सांगतलं, पोरगी जिथी राह्यते तिथी हा कागद द्याचा. दूर खेळाले जाते, डाक्टरले माहीत पाह्यजे. म्हणून तुमाले देल्ला. तुमाले वाचता येते."

आवाज चढला नाही. मी तिथेच रडले. रडून झाल्यावर राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. अंगठा उठवणाऱ्या बाईला जे कळलं ते मला, अर्ज भरणारीला, कळलं नाही.

डायलिसिस दोनदा झालं. पाचव्या दिवशी लघवी वाढली, सातव्या दिवशी रंग निवळला. नर्स बाटली हातात घेऊन हसत आली तेव्हा मी आणि सोमीच्या आईने ती बाटली उजेडात धरून बघितली. आयुष्यात कधी कोणाच्या लघवीकडे बघून इतकं बरं वाटलं नव्हतं.

मॅडमनी आम्हा दोघींना बसवून समजावलं. वाहक असणं हा आजार नाही. बहुतेक वाहकांना जन्मभर काहीच होत नाही. पण उन्हात, पाणी न पिता, शरीर ओरडत असताना धावायला लावलं तर होऊ शकतं. "पाणी किती पीत होतीस?" त्यांनी सोमीला विचारलं. सोमी खाली बघत म्हणाली, "पीत नव्हती. मैदानातल्या संडासाले कुलूप रायते. पोरी कोणीच पीत नाई."

दोन वर्षं मी कठड्याला उभी होते. ते कुलूप मी रोज बघत होते.

"आणि पहाड?" सोमीने विचारलं. तिला तेवढंच विचारायचं होतं. मॅडम म्हणाल्या, उंचावर हवा विरळ असते, वाहकाच्या पानथरीला तिथे इजा होऊ शकते. पानथरी म्हणजे प्लीहा, पोटात डाव्या बाजूला असते ती. यंदाचं उंचावरचं शिबिर नाही. खेळ मात्र बंद नाही. पायथ्याला बंदिस्त बर्फाची मैदानं असतात, तिथे चालेल, आधी तपासून. सोमीने भिंतीकडे तोंड केलं आणि जेवली नाही.

सर भेटायला आले. म्हणाले, "यंदा राहू द्या, पुढं पाहू." मी त्यांना बाहेर नेलं. त्यांना बोलायचं तेवढं बोलले, कुलपाचंही बोलले, आणि शेवटी माझ्या अर्जाचंही सांगितलं. नाहीतर त्यांना बोलायचा मला काय हक्क होता. कुलूप निघालं. त्याला पोरीचं मूत्रपिंड लागलं, ह्याची चीड मी कुठे ठेवू?

तुमच्या घरी कोणाची पोर राहत असेल तर तिच्या सगळ्या कागदांच्या प्रती सरांना, शाळेला, जवळच्या दवाखान्याला द्या. पोर हातातून जाईल म्हणून भिऊ नका. मी भ्याले म्हणूनच ती हातातून जात होती.

अकराव्या दिवशी सुट्टी झाली. आईने सोमीला गावी न्यायचं ठरवलं, दोन महिन्यांसाठी. बसस्टँडवर मी कार्ड पिशवीत घालून तिच्या आईला परत दिलं. आता ते माझ्याकडे असण्याचं काही कारण नव्हतं. बस लागली. आई चढली, आणि पायरीवरून पुन्हा खाली उतरली. तिने ती पिशवी माझ्या हातात कोंबली.

"पावसाळ्यात येते पोरगी," ती म्हणाली. "हे ठेवजा. आता कुठी ठेवाचं ते तुमाले मालूम आहे."

घरी येऊन मी सोमीची छातीची गादी मशीनवर घेतली आणि आतून कार्ड मावेल असा पारदर्शक खिसा शिवला. त्याला बटण लावलं, त्याच डब्यातलं.