वाळवंटात ओढलेली रापण

“ओढा रे, ओढा! दोरी सोडू नकात! बांगडो इलो, बांगडो! मेल्यांनो, बघतास काय नुसते?”

भर दुपार. राजस्थानातली छावणी. समुद्र इथून इतका लांब, की तिकडचा बांगडा आमच्याकडे यायला निघाला असता तर वाटेतच पेन्शनीत गेला असता. आणि बटालियनच्या स्पोर्ट्स स्टोअरमध्ये सिपाही गुणाजी तांडेल, राहणार तोंडवली, तालुका मालवण, गोलपोस्टची जाळी खिळ्यावरून उपसून दोन्ही हातांनी ओढत होता. टाचा रोवलेल्या, कंबर मागे, मान ताठ. रापणीला उभे राहतात तसा. रापण म्हणजे समुद्रात अर्धगोल सोडून किनाऱ्यावरून अख्ख्या वाडीने ओढायचं जाळं. इथे वाडी नव्हती. मी एकटा होतो.

“परबानू, तुमी त्या अंगान धरा!”

मी आधी हसलो. मग त्याचे डोळे बघितले आणि गपचूप दुसऱ्या बाजूने धरलं.

मी नाईक परब, आचऱ्याचा. बटालियन टीमचा गोलकीपर. गुणो सेंटर फॉरवर्ड. प्रॅक्टिसमध्ये त्याच्या किकचा पहिला मार मलाच, म्हणून मी सांगतो ते साक्षीदाराचं समजा. त्याची एक किक मी छातीवर अडवली, तर बॉलवरचा छाप माझ्या बनियनवर उमटला आणि तो कितीही धुतलं तरी गेला नाही. बनियन फाटलं, छाप राहिला. कॉर्नर मारायचा, तर बॉल आधी ऑफिसर्स मेसच्या खिडकीकडे निघायचा. आतले वेटर ट्रे टाकून खाली बसायचे. मग बॉलला काय वाटायचं कोण जाणे, तो वळून गोलात जायचा. समोरच्या टीमच्या एका साहेबाने तो बॉल फाडून आत बघितला होता. आत हवाच होती.

हे ऐकून लोक हसतात आणि मनातल्या मनात निम्मं वजा करतात. पलटणीला तशी सवयच लागली होती. परब साप म्हणाला की गांडूळ समजायचं. पण गुणोच्या खेळातलं निम्मं वजा करू नका. तो तोंडवलीच्या ओल्या वाळूत ओहोटीला अनवाणी खेळून मोठा झाला. रापण ओढणाऱ्यांच्या पायांमधून, ताणलेल्या दोऱ्यांखालून बॉल काढायचा आणि वर म्हाताऱ्यांच्या शिव्या खायच्या. ज्याला दोरी ओढणारी पन्नास तापलेली माणसं अडवू शकली नाहीत, त्याला समोरचे दोन डिफेंडर काय अडवणार? पायात बूट त्याने भरती झाल्यावर पहिल्यांदा घातले. म्हणायचा, “बुटान माझो पाय बहिरो झालो.”

आमच्याकडे गोल झाला की टाळ्या, आणि संध्याकाळी पेग. रम इश्यू व्हायची त्या दिवशी जे पीत नसत ते आपला वाटा गुणोला देत. कोणी जबरदस्ती केली नाही. प्रेमाने देत. बड्या खान्याला, म्हणजे सगळ्या पलटणीच्या एकत्र जेवणाला, मोठे साहेब स्वतःच्या हाताने त्याचा ग्लास भरत. सबंध बटालियनने एकच माणूस पाजला आणि तो आमच्यासाठी कप आणत राहिला. कपाटात कप मावेनासे झाले, तेव्हा एकात धोबी खिळे ठेवू लागला.

मग सकाळी त्याचे हात थरथरू लागले. बुटाची लेस बांधता येईना. ती मी बांधायचो. बाटलीतला घोट पोटात गेला की हात शांत. मैदानावर तर त्या पायांनी शेवटपर्यंत कधी दगा दिला नाही.

मी एकदा बोललो, “गुणो, पुरे कर आता.”

“परबानू, पेट्रोलाशिवाय गाडी चलता?”

“चलत नाय. पण टाकीत बुडान कोण मरत नाय.”

तो हसला. त्या हसण्याला दात कमी आणि हिरड्या जास्त होत्या. अंग सुजत चाललं होतं.

सेमी फायनलला त्याने असा गोल केला की समोरच्या गोलकीपरने स्वतःच टाळ्या वाजवल्या. त्यानंतर गुणो साइडलाइनला गेला आणि आमच्या नव्या कमांडिंग ऑफिसर साहेबांच्या खुर्चीशेजारी ओकला. वास सगळ्यांना आला. साहेब तरुण, सरळ माणूस. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “फायनलला हा असाच दिसला तर युनिफॉर्म उतरवून घरी जाईल.”

पेन्शनला लागणारी सर्व्हिस व्हायला अजून अवकाश होता. घरी म्हणजे हात हलवत घरी, आणि हातात बाटली.

सुभेदार जगदाळे साहेब पुढे झाले. साताऱ्याकडचा माणूस, मिशी अशी की तिच्यावर पोरं झोका बांधतील. गुणोवर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव. सॅल्यूट मारून म्हणाले, “सर, हा माझ्यावर सोडा. सुका करून उभा करतो.”

डॉक्टरकडे न्यायचं कोणाच्या मनात आलं नाही असं नाही. माझ्याही आलं. पण डॉक्टरने एकदा लिहिलं की मेडिकल कॅटेगरी खाली, आणि असल्या कारणाने खाली गेलेला परत वर येत नाही. म्हणून ही गोष्ट एमआय रूमपासून, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यापासून, लपवायची ठरली. गुणोला वाचवायला.

स्पोर्ट्स स्टोअरमध्ये दोन कॉट टाकल्या. चारी बाजूला जाळ्या, बॉल, हॉकी स्टिका. सुभेदार साहेबांनी मला बडी ड्यूटी, म्हणजे चोवीस तासांची सोबत, लावली.

“परब, फायनलपर्यंत याच्या घशाखाली पाणी आणि जेवण सोडून काय जाता कामा नये. कळलं?”

“येस सर.”

“तांडेल, तुझं काय म्हणणं?”

गुणोने मोज्यातून चपटी बाटली काढली. अर्धी भरलेली होती. ती त्याने स्वतः साहेबांच्या हातात दिली. हात एवढा थरथरत होता की साहेबांना ती दोन्ही हातांनी धरावी लागली.

“सुटतली साहेब,” तो म्हणाला. “ह्या टायमाक सुटतलीच.”

बाहेरून कडी लागली. त्याला सोडायची होती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे गावात लोक भलतंच बोलले.

पहिला दिवस गमतीत गेला. तो घामाने भिजत होता. मी त्याला सांगितलं की आचऱ्याच्या खाडीत मी एवढी मोठी सुसर बघितली, की तिच्या पाठीवर दोघांनी नाचणीची शेती केली. तो म्हणाला, “तिसरो वाटो तुमचो असतलो.” रात्री दोघांनाही झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पोटात काही ठरेना. पाण्याचा ग्लास ओठाला लावला की दात काचेवर वाजत. अनवाणी पाय पुढे करून मला म्हणाला, “लेस बांधा.” मी खाली बसलो आणि हवेत गाठ मारली. समाधान झालं त्याचं.

संध्याकाळी सुभेदार साहेब लिंबाचं सरबत घेऊन आले. घाम बघून खूश झाले. “विष निघतंय, निघू दे. उद्या बघ, घोड्यासारखा होईल.”

“सर, भिंतीवर कुर्ल्यो, म्हणजे खेकडे, चढतत म्हणून सांगतोय.”

“कोण, तो का तू?”

“तो, सर.”

“मग ठीक आहे,” साहेब हसले. “तुला दिसल्या असत्या तर पलटण हलवावी लागली असती.”

आणि मग ती दुपार. जाळी ओढता ओढता गुणो थांबला. “पाणी चढता, परबानू. होडी वर घेवा,” म्हणाला आणि लाकडासारखा ताठ होऊन पडला. सगळं अंग झटके खाऊ लागलं. तोंडाला फेस. मी त्याच्या डोक्याखाली बॉलची पिशवी सरकवली, कडी निघेपर्यंत दार बडवलं आणि गार्ड रूमकडे पळालो. सगळी कंपनी फायरिंग रेंजवर. डॉक्टर साहेबही तिकडेच, कारण फायरिंगला डॉक्टर लागतो. एमआय रूमला कुलूप. मी वायरलेस सेट उचलला.

“अल्फा टू फॉर अल्फा वन. मेसेज. ओव्हर.”

“अल्फा वन. सेंड. ओव्हर.”

“तांडेल सीरियस. अंग भट्टी झालंय. झटके येतायत. डॉक्टर साहेबांना पाठवा. ओव्हर.”

“कोण बोलतोय? ओव्हर.”

“नाईक परब. ओव्हर.”

नुसती खरखर. मग सुभेदार साहेबांचा आवाज. मागे गोळ्यांचे आवाज.

“परब, बाटलीसाठी नाटकं करतात सगळे. तू त्यात मीठमसाला घालू नको. पाणी पाज. आउट.”

आउट म्हणजे बोलणं संपलं, उत्तर नको. आर्मीत आउटनंतर बोलायचं नसतं.

मी परत गेलो. झटके थांबले होते, पण डोळे उघडे आणि त्यात मी नव्हतो. मी डोक्यावर पाणी ओतलं. ते अंगावरून जमिनीवर यायच्या आत कोमट झालं. यात वाढवून काही नाही. तेवढ्यात त्याला दुसऱ्यांदा झटके आले, पहिल्यापेक्षा जास्त वेळ. मी पुन्हा सेटवर.

“अल्फा वन, परब बोलतोय. तांडेल मरतोय. ओव्हर.”

या वेळी खरखर लांबली.

“परब.” साहेबांचा आवाज बदलला होता. “तू खरं बोलतोयस? ओव्हर.”

“होय सर. ओव्हर.”

“गाडी निघाली. आउट.”

रेंज काही जवळ नव्हती. मी गुणोचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. त्याच्या मुठीत जाळी घट्ट होती. एकदा त्याने हळू विचारलं, “गावली?” मी म्हटलं, “गावली रे. टोपल्यो पुरनत नाय इतकी.” माझ्या आयुष्यातली एवढी एकच थाप कोणी पूर्णच्या पूर्ण खरी धरली.

गाडी आली. डॉक्टर साहेबांनी सुई दिली, ऑक्सिजन लावला. जाळी बोटांतून निघेना, ती सुरीने कापून त्याला गाडीत घातलं. मिलिटरी हॉस्पिटलच्या गेटच्या आत शिरता शिरता त्याचा श्वास बंद झाला.

व्हरांड्यात सुभेदार साहेब डॉक्टरांसमोर सावधानमध्ये उभे होते. “सर, पण त्याने सोडली होती. एक थेंब नव्हता पोटात.”

“साहेब, त्यानेच गेला तो,” डॉक्टर म्हणाले. “इतकी वर्षं रोज पिणाऱ्याची एका झटक्यात बंद केली की शरीर उलटतं. ती इथे कॉटवर, औषधं देऊन सोडवायची असते. पहिल्या दिवशी आणायचं होतं माझ्याकडे.”

साहेबांनी बेरेट काढून हातात घेतली. ती कुठे ठेवावी हे त्यांना समजेना. शेवटी माझ्याकडे दिली.

फायनल झाली. मी नव्हतो. मला पेटीबरोबर एस्कॉर्ट म्हणून पाठवलं होतं. गोव्यापर्यंत विमान, पुढे ॲम्ब्युलन्स. वाटेत मी एक गोष्ट तयार केली. मैदान, शेवटचं मिनिट, गुणो तिघांना चुकवून गोल करतो, हात वर करतो आणि तिथेच कोसळतो. पब्लिक उभी. समोरच्या टीमने पेटीला खांदा दिला. इतकी चांगली गोष्ट मी कधी रचली नव्हती. मालवण मागे पडेपर्यंत तिच्यात एक ब्रिगेडियर साहेबसुद्धा येऊन रडून गेले.

तोंडवलीला वाळूतून पेटी नेताना ॲम्ब्युलन्सची चाकं रुतली, म्हणून वाडीतल्या माणसांनी ती उचलली. सुरूच्या झाडांखाली पुरुष उभे होते. कोणीतरी म्हणालं, “पिऊनच मेलो असतलो. दुसरां काय?” कोणी त्याला गप्प केलं नाही. सलामी झाली. ज्या वाळूत तो खेळला तिच्याच वरच्या अंगाला चिता पेटली. ओहोटी होती. खाली पोरांचा बॉल तसाच पडून होता, त्या दिवशी त्याला कोणी पाय लावला नाही.

गुणोची आई आचऱ्याच्या बाजारात मासे विकायची आणि पोराची बाटली सुटावी म्हणून देवाला गाऱ्हाणं घालायची. माझ्या आईला तिने आयुष्यभर पाट्या भरभरून वजनाबाहेर घातलं. मी घडी केलेला तिरंगा आणि गुणोची टोपी तिच्यासमोर ठेवली. तिने टोपीला हात लावला नाही. माझ्याकडे बघितलं.

“परबाच्या झिला, तू गजालीकार, थापाडो. माका गजाल नको. माका एकच सांग. शेवटाक माझो झील पिऊन होतो?”

तयार केलेली गोष्ट मी ब्रिगेडियर साहेबांसकट सोडून दिली. 

“नाय काकी. त्यान स्वताच्या हातान बाटली दिल्यान. एक थेंब नाय घेतल्यान. मी बाजूकच होतंय.”

“खरां?”

“देवाशपथ खरां.”

बाहेर चितेची लाकडं फुटल्याचा आवाज येत होता. मला वाटलं आता ती विचारील, मग मेला कशाने. मी उत्तराची जुळवाजुळव करू लागलो. तिने पदराने तोंड पुसलं, तिरंगा उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाली,

“मगे इतक्या वर्सांनी देवान माझां आयकल्यान म्हणायचां.”