बर्फाप्पाचं एकच खोटं

बर्फाप्पा कुणाच्याही घरी आला की आधी उंबऱ्यापाशी थांबायचा. दोन्ही पाय दाणदाण आपटायचा, डाव्या हातानं उजवा खांदा झटकायचा, मग उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी डावा, आणि तेव्हाच आत पाऊल टाकायचा. वैशाखातसुद्धा! बाहेर कुत्री रांजणाखाली जीभ काढून पडलेली, आणि हा बाबा खांद्यावरचं बर्फ झटकतोय. आमच्या गावाला हसायला एवढं पुरेसं होतं. पोरं त्याच्या मागोमाग खांदे झटकत गल्लीभर फिरायची, आणि त्यांच्या आया दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्याचं खरं नाव बसाप्पा. पण विलायतेहून परत आल्यावर त्याची आई सोडली तर ते नाव फार कुणी घेतलं नाही, आणि ती वारल्यावर ते गेलंच. मी मनातल्या मनात घ्यायची. का नाही घेणार? माझं लग्न त्याच्याशी ठरलं होतं.

आमचं गाव नळदुर्गाच्या पुढं, उमरग्याच्या वाटेवर. निजामाचं राज्य, शाळेत उर्दू, घरात अर्धं मराठी अर्धं कानडी. गावच्या पाटलांच्या थोरल्या मुलाला छातीचा आजार जडला, तेव्हा हैदराबादच्या डॉक्टरनं सांगितलं, थंड कोरड्या हवेत ठेवा. पाटलांकडं पैसा मावत नव्हता, त्यांनी पोराला थेट नॉर्वे नावाच्या देशात धाडलं. आम्ही लिंगायत, आमच्यात मांसमच्छी चालत नाही, परक्याच्या हातचं चालत नाही. म्हणून सोबत दोन पोरं दिली, स्वैपाकाला बसाप्पा आणि वरकामाला माझा थोरला भाऊ मल्लू. दोघं एका विहिरीत पोहायला शिकलेले. पुढं दोघं परत आले, पाटलांचा मुलगा आणि बसाप्पा. ज्याला आजार होता तो गालावर तेज घेऊन आला, आणि ज्याला साधं पडसं माहीत नव्हतं तो तिकडंच राहिला.

पहिले काही दिवस लोकांनी बसाप्पाचं ऐकून घेतलं. चावडीपुढं कोंडाळं जमायचं आणि तो सांगायचा. तिथं हिवाळ्यात सूर्य जेवणवेळेला उगवतो आणि भांडी घासून होईतो मावळतो. नदीचं पाणी घट्ट होतं आणि तिच्यावरून घोडे पळतात. श्वास सोडला की मिशीवर पांढरं साचतं. ज्वारीचं पीठ संपलं तेव्हा त्यानं तिथल्या काळ्या पिठाची भाकरी थापली, ती मल्लूनं तोंडात धरून विचारलं, "बसू, ही खायची का चुलीत घालायची?" तिथली माणसं कशी आहेत असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "बोलत न्हाईत. पर दाराला कुलूपबी लावत न्हाईत." यावर तर कोंडाळं खदखदून हसलं. नदीवरून पळणारे घोडे एक वेळ खपले असते, पण कुलूप न लावणारी माणसं? मग कुणीतरी त्याला बर्फाप्पा म्हटलं, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

तोवर माझी आई गप्प होती. आमच्यात माणूस गेला की अंग गरम आहे तोवर त्याला मांडी घालून भिंतीशी बसवतात. गळ्यातलं लिंग त्याच्या तळहातावर ठेवतात आणि बसलेलाच मातीला देतात. बसलेला माणूस शिवाच्या ध्यानात असतो. आडवं पुरतात ते ढोर, असं आई म्हणायची. एक दिवस ती सगळ्यांसमोर चावडीपुढं गेली आणि तिनं विचारलं, "बसाप्पा, माझ्या मल्लूला बसवलं न्हवं रं?"

'व्हय अव्वा' म्हणायला काय लागतं? दोन शब्द. ते म्हटले असते तर आईला झोप लागली असती, मला नवरा मिळाला असता आणि त्याला गाव मिळालं असतं. पण या शहाण्याला खोटं बोलायचंच ठाऊक नव्हतं. ते आठवून आजही माझं डोकं फिरतं.

"न्हाय अव्वा," तो म्हणाला. "राती ताप चढला अन् मल्लू गेला. तिथल्या दवाखान्यातल्या बायांनी मला उठवलंच न्हाय. मागल्या लाकडाच्या खोपटात नेऊन आडवं ठेवलं. सकाळी बघतो तर अंग दगड झालेलं. गुडगा वाकंना. हातात लिंग दिलं तर मूठ मिटंना, मग दोऱ्यानं बांधलं. जमीनबी दगड. पहार मारली की ठिणगी उडायची. उन्हाळा लागूस्तवर त्याला खोपटातच ठेवलं, अन् मग त्येंनीच पेटीत घालून पुरलं. आडवं. म्या पाया पडलो, पर पेटी उघडू दिली न्हाय."

आमची काळी जमीन आम्हाला माहीत. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती चप्पल ओढून घेते. पण जमीन पहारीला दाद देत नाही, हे कुणी ऐकलं होतं? गावच्या स्वामींनी मान हलवली आणि निकाल दिला, "खड्डा खणायचा कंटाळा केला यानं. आता गोष्टी सांगतोय." लोक पाटलांच्या मुलाकडं गेले. तो लोडाला टेकून पाय चेपून घेत होता. म्हणाला, "मी तर अंथरुणात होतो. बसाप्पाला पहिल्यापासून रचून सांगायची हौस आहे." झालं! त्याच संध्याकाळी आईनं साखरपुड्याची साडी बसाप्पाच्या आईच्या अंगणात भिरकावली. ती साडी मला फार आवडली होती.

त्या दिवसापासून आईनं आडवं निजणं सोडलं. भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. डोळा लागला की दचकून उठायची आणि म्हणायची, "मल्लूची मान अवघडली गं. उठवा की कुणीतरी त्याला."

बर्फाप्पा मात्र गाव सोडून गेला नाही. लोकांच्या शेतात रोजानं राबायचा. थंडीत एकदा तरण्या पोरांनी तो झोपला असताना त्याच्यावर विहिरीचं पाणी ओतलं, "घे, तुझा मुलूख!" म्हणत. त्यानं उठून अंग पुसलं आणि त्यांनाच म्हणाला, "असं करू नये रं. फुप्फुसं धरतात." आणखी काय बोलणार? रागावणं त्याला जमायचं नाही, आणि आमच्या गावाला न रागावणाऱ्या माणसासारखी दुसरी करमणूक नव्हती.

मग पाटलांच्या त्याच मुलाचं लग्न निघालं. सरबतासाठी सोलापुराहून भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या मोटारीनं आल्या. गावानं बर्फ पहिल्यांदा पाहिलं, आणि बर्फ पाहून गावाला दुसऱ्या कुणाची आठवण येणार? पत्रावळी मांडणाऱ्या बर्फाप्पाला चौघांनी ओढत आणलं. "माहेर आलं बघ तुझं!" म्हणत त्याचं धोतर मांडीपर्यंत वर सारलं आणि त्याला लादीवर दाबून बसवलं. दोघं खांद्यावर रेलले. नवरदेव मुंडावळ्या सावरत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होता.  बर्फाप्पा म्हणाला, "हे तर ऊनच हाय." मांडव हसून लोळला. सोडलं तेव्हा त्याच्या मांड्यांची कातडी लालभडक झाली होती.

आई बायकांतून उठून पुढं आली. तिनं लादीवर तळहात ठेवला आणि तसाच धरून राहिली.  मला वाटलं, आता हिला पटतंय.

"येवढं कठीण?" तिनं विचारलं.

"ह्याच्याहून, अव्वा."

"मग जमिनीवर जाळ करायचा व्हतास की."

"केला, अव्वा. लाकडं मागून आणली. रोज जाळायचो. दिवसा वीतभर मऊ व्हायची, सकाळी परत दगड."

आईनं खाली पाहिलं. लादीचं पाणी मांडवाबाहेर वाहत चाललं होतं. "माझ्या डोळ्यादेखत येवढा धोंडा घटकंत वाहून गेला," ती म्हणाली, "अन् तुझी माती जाळानं वितळली न्हाय?" आणि तोच ओला हात तिनं त्याच्या थोबाडीत मारला. वाजंत्री थांबली नाही, म्हणून फार लोकांना ऐकू आलं नाही.

त्या संध्याकाळी विहिरीवर मी त्याला गाठलं. मी विचारलं, "बोटं कशानं गेली?" गावात म्हणत, घाण्यात गेली असतील. जाताना त्याचे दोन्ही हात धड होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. "बर्फात पहार धरून धरून काळी पडली," तो म्हणाला. "डॉक्टरनं काढली." मग मी विचारलं, पाटलांचा मुलगा खोटं का बोलला? तेव्हा कळलं. त्या सोन्यासारख्या मालकानं या दोघांत मिळून एकच लोकरीचा कोट दिला होता. जो बाहेर जाईल त्यानं घालायचा. त्या दिवशी कोट घालून बसाप्पा सरपणाला गेला होता, आणि मालकाला दुधाची तलफ आली. मल्लू नुसत्या सदऱ्यावर बर्फातून दूध आणायला गेला, आणि त्याच रात्री तापला.

"अहो, मग हे चावडीत का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच.

"कुणी विचारलंच न्हाय," तो म्हणाला. आणि माझी घागर भरून कडेला ठेवून निघून गेला. त्याच उन्हाळ्यात मला लोहारा गावात दिलं. नवरा बरा होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

पुढं रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. अर्धं गाव बिऱ्हाड बांधून सोलापूरच्या वाटेला लागलं, तेव्हाच आईनं अंथरूण धरलं. अंथरूण म्हणजे भिंत. पाठीला भिंत लावून ती घरघरत होती आणि जीव जात नव्हता. मी माहेरी येऊन तिच्या उशाशी होते. शुद्धीवर आली की एकच घोकायची, "आडवा पडलाय गं माझा मल्लू."

दुपारी बर्फाप्पा आला. उंबऱ्यापाशी थांबला नाही. पाय आपटले नाहीत, खांदे झटकले नाहीत. सरळ आत येऊन आईपुढं बसला.

"अव्वा, मल्लूला बसवलं व्हतं."

आईनं डोळे उघडले.

"म्या सोता बसवलं. मांडी घालून. मूठ मिटली व्हती. मातीबी मऊ व्हती."

"शप्पत?"

त्यानं गळ्यातलं लिंग तीन बोटांत धरलं. "शप्पत."

आईचा चेहरा सैल पडला. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. देवा, वाटलं, सुटली एकदाची! पण तिनं मान उचलली, आणि तिच्या अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक.

"मग त्या वक्ती खोटं का बोललास रं, मुडद्या?" ती म्हणाली. "इतकी वर्सं म्या माझं लेकरू ढोरागत पडलेलं बघत बसले. तुझ्या मढ्यालाबी कुणी बसवणार न्हाय!" आणि ती त्याच्या तोंडावर थुंकली. भाऊबंदांनी त्याला दंडाला धरून बाहेर घातलं. तिन्हीसांजेला आई गेली. शांत गेली.

अंगणात मी त्याला विचारलं होतं, का केलंत हे? तो तोंड पुसत म्हणाला, "आता त्येंना मल्लू बसलेला दिसंल." एवढंच.

गावाला आयतंच सापडलं. लिंग हातात धरून कबूल केलं बघा, लोक म्हणाले, सगळं खोटं होतं. नदीवरचे घोडे खोटे, दुपारचा सूर्य खोटा, पहारीची ठिणगी खोटी. जन्मभर खरं बोलला तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही, आणि एकदा खोटं बोलला ते झाडून सगळ्यांनी खरं धरलं. आईला मातीत बसवताना तोही एक मूठ माती टाकायला आला होता. स्वामींनी त्याचा हात झटकला. ती माती त्यानं मुठीतच ठेवली आणि सोलापूरच्या वाटेनं चालायला लागला.

राज्य बदलल्यावर गावातली माणसं परत आली, तो आला नाही. निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली होती, तिच्यात गेला असं एकानं सांगितलं. मी त्या माणसाला विचारलं, "कसं पुरलं त्यांना? बसवलं का?" तो म्हणाला, "पटकीची मढी, बाई. कोण बघतंय?"

बसाप्पाला बसवलं की आडवा टाकला, हे मला कधीच कळणार नाही. खरं काय झालं ते सांगायला तिथं दुसरा बर्फाप्पा नव्हता.