दांडा वजा जाता

संस्थेला पंचवीस वर्षं होणार म्हणून निरंजन सरांनी स्मरणिका लिहायला घेतली आणि पहिलंच वाक्य टाकलं : 'ग्रामीण बालकांच्या व्यथेने व्याकूळ होऊन आशाबाईंनी बहादरपुरात बालसंगोपनाचा यज्ञ आरंभिला.' सर लोधीपुऱ्यात राहतात, शाळेतून निवृत्त झालेत आणि संस्थेचे सचिव आहेत. एवढं सगळं एका माणसाच्या नशिबी आल्यावर त्याने साधं वाक्य लिहायचं तरी कधी?

"मी कवा व्याकूळ झाली, सर?" आशाबाई म्हणाल्या. "मी तर बसलेली होती."

खरा इतिहास तेवढाच आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आशाबाई बहादरपुरात केळी भरायच्या जागी काट्यावर वजनं लिहायला बसत. बाकीच्या बाया डोक्यावर घड वाहत. आणि आपल्याकडे बसलेली बाई म्हणजे रिकामी बाई, असा सर्वांचा पक्का समज. एकीने आपलं तान्हं आशाबाईंच्या मांडीवर टाकलं, "मावशी, दोन मिनिटं बघ गं," आणि संध्याकाळी पाच वाजता ती परत आली. दुसऱ्या दिवशी मांडीवर दोन पोरं होती. आठवड्याने अकरा. मग वजनं लिहायला मालकाने दुसरा माणूस ठेवला आणि आशाबाईंना जुना काटा देऊन वाटेला लावलं. एक पत्र्याची खोली मिळाली, निरंजन सर मिळाले, सरांना रबरी शिक्का मिळाला, आणि संस्था झाली. पुढे खकनारलाही एक केंद्र निघालं. पण मूळ पीठ बहादरपूर.

पोरं सांभाळायची तर दर महिन्याला त्यांचं वजन वहीत भरायचं, हा नियम. आशाबाईंना त्याची कसली भीती? आयुष्य काट्यावर गेलेलं. भीती बायांना होती. पहिल्याच महिन्यात आशाबाईंनी चुडामण नावाच्या गुबगुबीत पोराला काट्यावर बसवलं आणि केळीच्या वेळी लावायच्या त्याच आवाजात आरोळी ठोकली, "नऊ किलो आठशे!" संध्याकाळी चुडामणला जुलाब लागले. त्याची आई आठ दिवस दारात उभी राहून भांडली. भर बाजारात आकडा ओरडली, नजर लावली माझ्या लेकराले, आता हे खंगणार. चुडामण आज ट्रॅक्टर चालवतो आणि सीटवर मावत नाही, ते सोडा.

आशाबाईंनी त्यावर तोडगा काढला, तो अस्सल धंद्यातला. केळीचा घड तोलताना मधल्या दांड्याचं वजन कापतात, कारण दांडा काही कोणी खात नाही. तसाच दर पोरामागे एक किलो दांडा कापायचा. साडेपाच भरलं की साडेचार सांगायचं आणि साडेचारच लिहायचं. नजर लागलीच तर त्या साडेचारला लागेल, वरचा एक किलो सुखरूप. आया खूश. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं, म्हणूनच निरंजन सरांना कोणी सांगितलं नाही. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते सांगायचं कशाला?

स्वतः आशाबाई मात्र काट्यावर कधी चढल्या नाहीत. नवरा देवराम विचारायचा, "तुझं किती गं?" त्या म्हणत, "सत्तर. आन् मी काय केळीचा घड हाय का?"

हे सगळं मजेत चाललं असतं. पण संस्थेला मदत करणाऱ्यांनी इंदूरहून रश्मी नावाच्या बाईंना पाठवलं. रश्मी मॅडम तरुण, हुशार, आणि दुर्दैवाने वह्या वाचणाऱ्या निघाल्या. चोवीस वर्षांच्या वह्या त्यांनी दोन दिवसांत वाचल्या. इतकी वर्षं त्या वह्यांवर फक्त पोरं झोपली होती.

"आशाबाई," त्या म्हणाल्या, "हे फार सीरियस आहे. चोवीस वर्षांत इथली निम्म्याहून जास्त मुलं कमी वजनाची. जरासुद्धा सुधार नाही. खकनारचं केंद्र बघा, कुठल्या कुठे गेलं. मला लिहावं लागेल की बहादरपूर बंद करून सगळं खकनारला न्या."

आशाबाईंनी मागे वळून पाहिलं. खोलीत एक्केचाळीस पोरं होती. उद्यापासून ती पुन्हा केळीच्या बांधावर, पाटाच्या कडेला.

तेवढ्यात एक पोरगा केळं खात रश्मी मॅडमच्या मांडीवर येऊन बसला. मॅडम खुर्चीसकट मागे सरकल्या.

"हा कोण?"

"कडू. ज्योत्स्नाचा. कागदावर रोहित."

मॅडमनी वही उघडली. वहीकडे पाहिलं, कडूकडे पाहिलं, पुन्हा वहीकडे. "हा अंडरवेट?"

"वहीत," आशाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी दांड्याचं सगळं सांगितलं. शेजारी बसलेल्या निरंजन सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा न लावता हातातच धरला. जे ऐकू येतंय ते वर दिसूही नये, असं बहुतेक त्यांना वाटलं असावं.

"रिपोर्टमध्ये मी दांडा कसा लिहू?" मॅडम म्हणाल्या. "उद्या सकाळी सगळ्यांचं वजन माझ्यासमोर, माझ्या काट्यावर. पूरं वजन. नाहीतर माझा नाइलाज आहे."

मॅडमचा काटा नवा होता. आई-लेकरू दोघं चढतील एवढा दणकट, आणि लाल आकडे असे ठळक की रस्त्यावरच्या म्हशीलाही वाचता यावेत. तिथेच घोडं अडलं.

"मावशी, तू म्हणशील ते करते," संध्याकाळी कडूला न्यायला आलेली ज्योत्स्ना म्हणाली, "पण लाल नंबर सगळ्यांसमोर? कोणाची नजर कशी, काय भरोसा? माझा कडू आत्ता कुठे बाळसं धरू राहिला."

"आत्ता? तो जन्मला तवाच बसस्टँडवरच्या हवालदारासारखा दिसत होता."

"बघ! बघ! लावलीस ना नजर!" ज्योत्स्नाने तिथल्या तिथे बोटं मोडली.

सकाळी आया आल्या, पण भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. पोरांच्या गालांवर एवढाले काजळाचे टिळे होते की दोन-तीन पोरांचे मूळ चेहरे ओळखू येईनात. मॅडम काट्यामागे पेन घेऊन. निरंजन सर 'माता-भगिनींनो' म्हणाले आणि कोणी ऐकत नाही हे पाहून तिथेच थांबले. दहा मिनिटं गेली. मॅडमनी घड्याळात पाहिलं आणि पेनाला टोपण लावायला घेतलं.

तेव्हा आशाबाई उठल्या. पदर खोचला, चपला काढल्या आणि चढल्या काट्यावर. काटा कण्हला. लाल आकडे धावले, अडखळले, पुन्हा धावले आणि थांबले.

आशाबाईंनी पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्याच आवाजात आरोळी ठोकली, "एक्क्याण्णव किलो चारशे!"

समोरच्या चहाच्या दुकानातून देवरामचा आवाज आला, "आन् मले तेहेतीस वर्षं सत्तर सांगू राहिली ही बाई!"

"तुमच्यासाठी दांडा कापला होता!" आशाबाई काट्यावरूनच ओरडल्या. मग बायांकडे वळल्या. "लावा गं नजर. घ्या, पोटभर पाहून घ्या. गावात जेवढी नजर हाय तेवढी आज माझ्यावर खर्च होऊन जाऊ द्या. माझ्यासारखा घड समोर असताना तुमच्या पोरांच्या फण्यांकडे कोण पाहते?"

पहिली ज्योत्स्ना हसली. हसता हसताच तिने कडूला उचललं आणि काट्यावर ठेवलं. "चढ रे मेल्या. मरतुकडा कुठला." तेरा किलो दोनशे. मग रांग लागली. प्रत्येक आईने आपल्या पोराला दोन-दोन शिव्या घालून काट्यावर चढवलं. शिव्या मॅडमनी लिहिल्या नाहीत, आकडे लिहिले. एक्केचाळीसपैकी तीनच पोरं कमी भरली, आणि ती तिन्ही आशाबाईंना आधीपासून ठाऊक होती; त्यांच्या वाटीत रोज एक अंडं जास्त पडत होतं. हे मात्र कुठल्याच वहीत नव्हतं. मॅडमनी ते नव्या कागदावर स्वतः लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

केंद्र राहिलं. आशाबाई मात्र तिसऱ्या दिवशी तापाने पडल्या. गावाचं एकमत झालं : सगळ्यांची नजर एकटीने घेतली. मग एकेक आई मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायला आली. दुपारपर्यंत एकोणतीस जणी होऊन गेल्या. मिरच्या जाळल्यावर ठसका लागला नाही तर नजर खरी, असं म्हणतात. इथे अर्धं बहादरपूर खोकत होतं.

"मावशी, नजर नाहीच लागली तुले," ज्योत्स्ना डोळे पुसत म्हणाली. ती तिसावी.

"मग ताप कायचा?"

"तेच तर कळत नाही."

"मग कायले जाळू राहिल्या? उठा, पोरं कोणाजवळ ठेवली?"

सगळ्या दाराशी धावल्या. पोरं बाहेर ओट्यावर होती. स्मरणिकेचं पहिलं वाक्य दुरुस्त करून दाखवायला आलेले निरंजन सर आशाबाई मोकळ्या व्हायची वाट बघत तिथे बसले होते. बसलेला माणूस म्हणजे रिकामा माणूस. त्यांच्या मांडीवर तीन होती, आणि कडू खांद्यावर.