अक्षरं दाखवायचा धंदा

माझं ऑफिस म्हणजे बारामतीत खताच्या दुकानावरची एक खोली. मित्र म्हणतात, एकट्या माणसाकडं एवढे किस्से साठतात कसे? अरे, चारचौघांत घडलेलं लगेच बोलून संपतं. एकट्याचं तसंच पडून राहतं!

सुरुवातीला मी एकटा नव्हतो. वडगाव निंबाळकरचा विलास आणि मी, दोघं होतो. नव्वदच्या दशकाची अखेर. तेव्हा परदेशात कुणी मराठी वेबसाइट उघडली की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. आम्ही एक छोटं प्लगिन बनवलं. ते संगणकात टाकलं की मराठी दिसायला लागायचं.

आमचे आबा निरवांगीचे, तरुणपणी मेंढरं राखलेले. एकदा विचारलं, "तू नक्की करतोस तरी काय?"

"आबा, परदेशातल्या लोकांना मराठी अक्षरं दिसत न्हाईत. ती दिसावीत म्हणून..."

"मग चष्मं इकतो म्हण की!"

पुढच्या खेपेला गावी गेलो तर ओसरीवर तीन म्हाताऱ्या डोळे तपासायला बसलेल्या!

*

वर्षभर प्लगिन फुकट वाटलं. कौतुकाची ईमेल ढिगानं यायची. शेवटी कॅनडात मराठी मंडळाची वेबसाइट चालवणाऱ्या एका गृहस्थांनी लिहिलं, "फुकटची वस्तू बिघडली तर भांडायचं कुणाशी? पैसे घ्या, म्हणजे हक्कानं ओरडता येईल!"

विलास खुर्चीतून उठलाच. "वाचणाऱ्याला फुकट, वेबसाइटवाल्याला लायसन्स! ठरलं!"

गृहस्थांनी पहिलं लायसन्स घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी हक्कानं ओरडले.

*

धंदा रांगायला लागला तेवढ्यात विलासला अमेरिकेतली नोकरी मिळाली. एसटी स्टँडवर त्याची बॅग मीच चढवली.

"रागावलास व्हय?" त्यानं खिडकीतून विचारलं.

"न्हाय. आपल्या वेबसाइटचा पासवर्ड तेवढा सांगून जा."

त्यानं सांगितला. माझंच नाव होतं. गाडी सुटली, बरं झालं.

*

वेबसाइटवर मात्र 'आमची टीम' तशीच राहिली. मुंबईच्या एका कंपनीचा फोन आला. मी किंमत सांगितली. ते म्हणाले, "आता जरा टेक्निकल डिपार्टमेंटला द्या."

"एक मिनिट हं." रिसीव्हरवर हात ठेवला, पाणी प्यायलो, घसा खाकरला आणि जाड आवाजात म्हणालो, "बोला साहेब!"

ते अर्धा तास बोलले. शेवटी त्यांनी पुन्हा सेल्सवाल्याला मागितलं, मी आवाज बदलला, तेव्हा म्हणाले, "तुमचा माणूस हुशार आहे. पण तुमच्यापेक्षा जरा उदास वाटतो!"

*

त्या कंपनीनं लायसन्स घेतलं आणि आम्ही, म्हणजे मी, पहिल्यांदा नफ्यात आलो. सांगायला खोलीत कुणी नव्हतं. पेढे घेऊन खाली खताच्या दुकानात गेलो.

दुकानदार तात्यांनी विचारलं, "कशाचं पेढं? लगीन ठरलं?"

"न्हाय तात्या, धंदा नफ्यात आला."

"बरं बरं. मग आता तरी ठरव!"

उरलेले पेढे मी चार दिवस खात होतो.

*

प्लगिनच्या खिडकीत माझा फोन नंबर असायचा. एका रविवारी संध्याकाळी न्यू जर्सीहून एका आजींचा फोन आला. मुलाकडं राहायला गेलेल्या.

"अहो, 'ळ' दिसत नाही हो!"

"आजी, बंद करून पुन्हा उघडा. मी थांबतो."

"दिसला! जेवलास का रे?"

पुढच्या रविवारी 'ज्ञ' गेला. मग 'ठ'. मग 'ढ'. आमच्या प्लगिनमध्ये एकेक अक्षर असं जायचं काही कारणच नव्हतं. मी ते कधी बोललो नाही. आजी इस्लामपूरच्या घराबद्दल सांगायच्या, सुनेला न आवडणाऱ्या फोडणीबद्दल सांगायच्या. मी रविवारी ऑफिस उघडायला लागलो.

एका रविवारी फोनच आला नाही. सात वाजले, साडेसात वाजले. शेवटी त्यांनी दिलेला नंबर मीच लावला. पलीकडं हा गलका!

"आजी, अक्षरं दिसतायत ना सगळी?"

"दिसतायत की! आज लेक आलीय, नातवंडं आलीयत, घर नुसतं भरलंय. का रे?"



"काही नाही... इकडं माझ्याकडं 'ण' दिसेनासा झालाय."

मग आजी घरातल्यांवर ओरडल्या, "अरे, जरा टीव्ही बारीक करा!" दार लावल्याचा आवाज आला.

"हं," त्या म्हणाल्या. "बंद करून पुन्हा उघड बघू. मी थांबते."