तव्याच्या पाठीवरचा बांगडा

लग्नाला सहा महिने झाले तेव्हा मी सासूबाईंच्या तव्याचं कातडं सोललं.

मुद्दाम नाही हो. उलट मला शाबासकी हवी होती. सहा महिन्यांत लालबागच्या त्या चाळीत माझा आवाज कोणी ऐकला नव्हता. शेजारणी सासूबाईंना खासगीत विचारत, "सून मुकी नाही ना?" सासूबाई म्हणत, "बोलता येतं तिला. चौथी शिकलीय." (मी दाराआड उभी असायचे. तेव्हाही बोलायचे नाही.)

त्या दिवसांत चाळीत दोनच विषय होते. एक संयुक्त महाराष्ट्र, दुसरा आमच्या घरातला तवा. मोठ्या भावजींना नायगावला खोली मिळाली होती, थोरल्या जाऊबाई बिऱ्हाड बांधत होत्या, आणि त्यांना सासूबाईंचा घावण्यांचा बिडाचा तवा न्यायचा होता.

"मी थोरली सून. तवा माझ्याकडेच यायला हवा," जाऊबाई म्हणाल्या.

"माझ्या पणजीचा तवा तो! विलायतेहून गलबतातून मालवणच्या बंदरात उतरलेला. मी जिवंत असेपर्यंत या घरातून हलायचा नाही!" सासूबाई म्हणाल्या.

"विलायतेचा कशावरून? माझ्या माहेरी असाच आहे, दादांनी बाजारातून आणलेला."

झालं! सासूबाईंच्या पणजीला कोणीतरी बाजारात नेऊन उभं केलं होतं. दोन दिवस त्या घरात कोणाशी बोलल्या नाहीत. जाऊबाई मात्र आल्यागेल्याला "तव्यासह बिऱ्हाड झालंच पाहिजे!" असं ऐकवत होत्या, आणि गॅलरीतली पोरं "झालाच पाहिजे!" म्हणून साथ द्यायची. आमचे हे आणि मोठे भावजी सभेला जातो म्हणून जे निघायचे, ते सभा संपल्यावरही तास तास यायचे नाहीत. घरापेक्षा सभा शांत असायची.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या तात्यांना बोलावलं. तात्या बिडाच्या कारखान्यात जन्मभर ओतकाम केलेले. अख्ख्या चाळीच्या बिडाच्या शेगड्या त्यांनीच ओतलेल्या. ते आले, चहा घेतला आणि गॅलरीत मांडी ठोकून त्यांनी आम्हां बायकांची शाळाच घेतली.

"तव्याचं वय पाठीवर लिहिलेलं असतं. कोणी ओतला, कुठे ओतला, सगळं. अस्सल विलायती मालाची अक्षरं कशी, कोरल्यासारखी! आणि नक्कल केलेली असली की मला लगेच कळते. जुना तवा वाळूत दाबून साचा घेतात ना, म्हणून नकलेची अक्षरं पुसट येतात. आणि बीड थंड होताना आकसतं, म्हणून नक्कल अस्सलापेक्षा बोटभर लहान भरते. मला फसवणारा तवा अजून ओतला गेलेला नाही!"

सासूबाईंनी तवा पालथा करून पुढे ठेवला. पाठीवर बोटभर जाडीची काजळी. अक्षर सोडा, तिथे कोणी अख्खं पत्र लिहिलं असतं तरी दिसलं नसतं.

"ही काजळी काढून ठेवा. संध्याकाळी बघतो," तात्या म्हणाले आणि गेले. सासूबाई शेजारी पापड लाटायला गेल्या. जाऊबाई गाठोडी बांधायला बसल्या. तवा राहिला आणि मी राहिले.

आता माझं माहेर गिरगावातलं. आमच्याकडे सगळं पितळ आणि तांबं. आई म्हणायची, भांड्यात तोंड दिसलं पाहिजे. बिडाचा तवा मी सासरीच पहिल्यांदा पाहिला, आणि मनात कायम वाटायचं, एवढं मोठं घर, पण हे एक भांडं कोणी कधी घासतच नाही! आज संधी होती.

निखाऱ्यांवर तवा पालथा घातला. काजळीचे पोपडे उडाले. निवल्यावर विटेचा चुरा घेतला, राख घेतली, चिंचेचा कोळ घेतला, काथ्या घेतला आणि नळावर बसले. पाठ स्वच्छ झाली. मग वाटलं, एका बाजूने आंघोळ कोण घालतं? तवा उलटा केला आणि पुढूनही घासला. हात सोलवटले. पण तवा असा पांढरा चकचकीत निघाला की मला त्यात स्वतःचं नाक दिसलं!

सासूबाई परत आल्या. दारातच थांबल्या.

"ह्या काय गो?"

मी मान खाली घालून हसले.

"तवा खंय आसा?"

मी बोटाने दाखवलं.

सासूबाई खाली बसल्या. बसल्या म्हणजे पडल्याच. "पणजीपासूनचं तेल मुरलेलं गो त्यात! तव्याचं कातडं सोललंस! आता घावणा सुटायचा नाही त्यावरून, तुझ्या नातवाच्या लग्नापर्यंत सुटायचा नाही!" आणि खरंच, आम्ही बघत असताना तव्यावर तांबूस गंज चढायला लागला. गिरगावला परत पाठवतील, आणि कारण काय सांगतील? मुलगी फार स्वच्छ आहे म्हणून?

तेवढ्यात तात्या आले. मजल्यावरच्या सगळ्या बायका त्यांच्या मागोमाग. तात्यांनी चष्मा लावला, तवा पालथा केला.

"हं. अक्षरं इंग्रजीच दिसतात. जरा पुसट आहेत..." आणि ते तव्याच्या कडेवर बोट फिरवत राहिले. माणूस पायरी चुकल्यावर जसा दिसतो तसे दिसायला लागले.

मला वाटलं, माझी चूक भरून काढायची हीच वेळ. घासताना जे पाहिलं होतं ते आपण दाखवावं. लग्न झाल्यापासून चारचौघांत मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तात्या, ही मधोमध उभी रेघ कसली हो? आणि कडेला हा एवढासा मासा?"

सगळी गॅलरी माझ्याकडे बघायला लागली. "अगो बाई, बोलली!" कोणीतरी म्हणालं.

"रेघ ती... विलायतेत तशीच रीत असते," तात्या म्हणाले.

"आणि मासा?" जाऊबाई पुढे सरकल्या. त्यांनी तवा पाहिला, तात्यांना पाहिलं, घरात गेल्या आणि आमची शेगडी उचलून घेऊन आल्या. तीच, तात्यांनी ओतलेली. शेगडीच्या बुडाला एवढासा बांगडा. तव्याच्या पाठीला तोच बांगडा. शेपटीसुद्धा तशीच वाकडी!

"विलायतेत बांगडा मिळतो वाटतं, तात्या?"

तात्यांनी चष्मा काढला. "ही माझीच खूण. पण आईशपथ सांगतो वहिनी, हा तुमच्या घरचा तवा आहे हे मला आज कळतंय! वीस वर्षांपूर्वी तुमच्या मालकांनी पोत्यात गुंडाळून दोन तुकडे आणले होते. म्हणाले, मित्राच्या हातून तापल्या तव्यावर गार पाणी पडलं आणि तडकला. तुकडे जोडून साचा घेतला, म्हणून ही सांध्याची रेघ उमटली. म्हणाले, मित्राची बायको गावाला गेलीय. फार तापट आहे. ती यायच्या आत..."

"कोण तापट?" सासूबाई म्हणाल्या.

तात्या चप्पल शोधायला लागले.

सासूबाई उठल्या. भिंतीवरच्या मामंजींच्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मामंजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. फोटोतही ते जरा घाबरलेलेच दिसायचे.

"वीस वर्षं!" सासूबाई फोटोला म्हणाल्या. "तरीच! मी गावाहून आले तेव्हापासून घावणा लहान का पडतो म्हणून विचारत होते, तर तुम्ही म्हणायचात, पीठ कमी घेतेस! वीस वर्षं मी वाटीभर पीठ जास्त भिजवत आले!"

कोणाला हसावं की रडावं कळेना. जाऊबाई मात्र झटक्यात मोकळ्या झाल्या. "राहू दे मग. लालबागचाच माल असेल तर मला नको."

"तुला देतंय कोण?" सासूबाईंनी तो गंजका, सोललेला तवा उराशी धरला. पांढऱ्या लुगड्यावर तांबूस वर्तुळ उमटलं. "पणजीचा असता तर दिलाही असता. हा माझ्या घोवाने केलेला आहे. भीतीने का होईना, आयुष्यात माझ्यासाठी ही एकच वस्तू त्यांनी करून घेतली. हा कोणाला मिळायचा नाही!" मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू गो? सोललास तू, आता काळाही तूच करायचा."

मी केला. रोज तेल लावायचं, तापवायचं, घावणा घालायचा. पहिला महिनाभर घावणे उलथण्याने खरवडून काढावे लागले, आणि आमचे हे ते चुरा म्हणून चमच्याने खात, हूं की चूं न करता. (तेही वडिलांवरच गेले होते.) जाऊबाई नायगावला तव्याशिवाय गेल्या. पुढे सासूबाई वारल्या, त्या तवा माझ्या हाती देऊनच.

आता हे मी कोणाला सांगितलेलं नाही, या वहीतच लिहिते. सासूबाई गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी तापल्या तव्यावर माझ्या हातून गार पाणी पडलं. टण्! बरोब्बर जुन्या रेघेच्या शेजारी. तात्या तोवर गेले होते, पण त्यांच्या कारखान्यातला एक जण सापडला. मी दोन तुकडे पोत्यात गुंडाळून नेले. त्याने विचारलं, कोणाचा तवा? मी म्हटलं, एका मैत्रिणीचा. तिची सासू फार तापट होती.

आता तव्याच्या पाठीवर दोन रेघा आहेत आणि बांगडा इतका पुसट झालाय की बोंबील वाटतो. गेल्या महिन्यात नवी सून आली. पदवीधर आहे, घडाघडा बोलते, आणि भांडी घासायची तिला भारी हौस. परवा म्हणाली, "आई, या तव्यावर माझे घावणे एवढेसेच का हो होतात?"

मी म्हटलं, "पीठ कमी घेतेस गं. आणि हे बघ, तव्याची पाठ अजिबात घासायची नाही. विलायतेचा आहे तो, माझ्या सासूबाईंच्या पणजीचा!"